सिंकखालचं कपाट, कपड्यांचं कपाट आणि कचऱ्याचा डबा : वाचकांचे प्रश्न

घरातली घातक रसायनं आणि कचरा कमी कसा करायचा यावर आम्ही प्रश्न मागवले होते. ढिगाने आले. बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. उत्तरं देताना एक कसोटी मी सगळीकडे लावलीय, की या सल्ल्यामुळे तुमच्या घरात एखादी वस्तू वाढतेय की कमी होतेय. वाढत असेल तर तो सल्ला देण्याआधी मी पुन्हा विचार केलाय.

प्रश्न : ताई, गेले काही महिने या विषयावर इतकं वाचलंय की घरात कशाला हात लावायचीच भीती वाटते. क्लीनर, प्लास्टिकचे डबे, नॉनस्टिक तवा सगळं एकदम काढून टाकायचं आणि सगळं टॉक्सिन-फ्री नवीन घ्यायचं असं ठरवलंय. यादी तयार आहे. सुरुवात कुठून करू?

यादी बाजूला ठेवा आणि आज तरी काही फेकू नका. तुमची भीती मला कळते, असं सलग वाचत गेलं की घरातली प्रत्येक बाटली आपल्या जिवावर उठलीय असं वाटायला लागतं. पण अर्धी भरलेली क्लीनरची बाटली कचऱ्यात टाकली म्हणून ती नाहीशी होत नाही, ती फुटते आणि कचरा हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावर उडते नाहीतर कचराभूमीतून झिरपत जमिनीत जाते. लेबलवर सांगितलंय तशी वापरून संपवणं हाच बहुतेक क्लीनरचा सगळ्यात कमी त्रासाचा शेवट. संपली की मग विचारा, ही परत आणायची का? फरशीचं वेगळं, काचेचं वेगळं, ओट्याचं वेगळं, टाइल्सचं वेगळं असं जे आपण आणतो त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत मुख्यतः पाणी, साबणासारखं काहीतरी, रंग आणि वास एवढंच असतं. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, खायचा सोडा, साधं पांढरं व्हिनेगर आणि आजारपणासाठी एखादं जंतुनाशक, एवढ्यावर घर व्यवस्थित चालतं.

लगेच बाजूला काढायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. लेबल गेलेली बाटली, जुनी कीटकनाशकं, आणि सगळ्यात आधी पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं कुठलंही रसायन. हे शेवटचं कृपा करून आजच बघा. लहान मूल बाटलीचा आकार ओळखतं, आत काय आहे ते ओळखत नाही. अशा वस्तू घातक कचरा वेगळा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यायच्या, आणि देईपर्यंत कुलपात.

प्लास्टिकच्या डब्यांचं म्हणाल तर अडचण येते ती उष्णता आणि तेला-तुपामुळे. गरम आणि तेलकट पदार्थात प्लास्टिकमधले घटक जास्त उतरतात, म्हणून गरम जेवण काचेत किंवा स्टीलमधे, मायक्रोवेव्हमधे फक्त काच किंवा चिनी माती, आणि ते जुने डबे कोरड्या धान्याला, बटणांना, खिळ्यांना. आणि बीपीए-फ्री (बीपीए म्हणजे कडक प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं एक रसायन) लिहिलं म्हणजे निर्धास्त असंही नाही, काही वेळा बीपीएच्या जागी त्याचंच भावंड बीपीएस वापरलेलं असतं.

नॉनस्टिकबद्दल लोकांच्या मनात दोन गोष्टींचा गुंता झालेला असतो. लेप असतो पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा, आणि पीएफओए नावाचं जे रसायन गाजलं ते तो लेप बनवताना वापरलं जायचं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला, २०१९ मधे ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही गेलं. तुमच्या तव्याचा धोका आहे तो रिकामा तापवण्यात. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर लेप खराब व्हायला लागतो, त्याहून बराच तापला तर निघणाऱ्या वाफांनी घरात पाळलेले पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. मध्यम आचेवर वापरा, रिकामा ठेवू नका, आणि लेपाचे पापुद्रे निघायला लागले की निरोप द्या. तेव्हा लोखंडाचा घ्या, तो पुढच्या पिढीला देता येतो.

प्रश्न : बाथरूम एकदम स्वच्छ व्हावं म्हणून मी टॉयलेट क्लीनर टाकून वरून ब्लीच ओतलं. इतका घसा धरला आणि डोळ्यातून पाणी यायला लागलं की पळत बाहेर आले. घरचे म्हणतात स्ट्राँग आहे म्हणजे चांगलं काम करतंय. खरंच असं असतं का?

नाही, आणि तुम्ही पळालात हे फार बरं केलंत. तुमच्या बाथरूममधे क्लोरीन वायू तयार झाला होता. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बऱ्याच टॉयलेट क्लीनरमधे असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे दोन एकत्र आले की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मधे बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू, तिथे टनावारी होता आणि तुमच्याकडे थोडा, पण बाथरूम लहान, खिडकी लहान आणि आपण वाकून घासत असतो म्हणजे तोंड अगदी त्याच्यावर. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खालीच साठतो. वास उग्र आला म्हणजे सफाई जोरात चाललीय ही समजूत घराघरात आहे आणि ती खरंच घातक आहे. उलट ॲसिडने ब्लीचचं विघटन होतं, म्हणजे जंतू मारायला जे लागतं तेच हवेत उडून जातं.

ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर एकत्र आला तर क्लोरामाइन तयार होतं, तेही फुफ्फुसाला तसंच लागतं. ब्लीच आणि व्हिनेगर यांचाही क्लोरीनच होतो, व्हिनेगर नैसर्गिक आहे म्हणून चालेल असं समजू नका. ब्लीच आणि स्पिरिट नको. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत नको, त्यातून पेरॅसिटिक ॲसिड होतं, तेही डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतं. इतकं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही, एवढंच ठेवा की ब्लीचमधे पाण्याशिवाय काही घालायचं नाही आणि एका वेळी एका जागी एकच क्लीनर, पहिला भरपूर पाण्याने धुऊन गेल्याशिवाय दुसरा नाही. नाळीतही नाही, कारण खाली पाइपच्या वळणात आधीचं उरलेलं असतं.

परत असं झालं तर आवरत बसू नका, वरून पाणी ओतायलाही थांबू नका, बाहेर या, मोकळ्या हवेत थांबा, वाटेतल्या खिडक्या उघडता आल्या तर उघडा. खोकला थांबला नाही, छाती आवळल्यासारखी झाली, दम लागला तर डॉक्टरकडे जा आणि दोन्ही बाटल्यांचे फोटो दाखवा. त्रास काही तासांनी वाढू शकतो, त्यामुळे आता बरं वाटतंय म्हणून रात्री एकटं झोपू नका. घरात दमा असलेलं कुणी असेल तर मी म्हणेन की ब्लीच आणि ॲसिड यातलं एकच घरात ठेवा. दोन्ही बाटल्या शेजारी नसतीलच तर मिसळणार कशा?

प्रश्न : खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळं घर साफ होतं असे व्हिडिओ बघितले, फेस तर मस्त येतो, पण सिंक काही चमकलं नाही. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये, व्हिडिओचं चुकतंय. सोडा आहे अल्कली, व्हिनेगर आहे ॲसिड, दोघं एकमेकांना संपवतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि खाली उरतं सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, ज्याने काही विशेष निघत नाही. दोन चांगल्या वस्तू घेऊन आपण जवळजवळ नुसतं पाणी तयार करतो.

वेगवेगळे वापरा म्हणजे बघा. ओल्या सिंकवर सोडा भुरभुरवून ओल्या फडक्याने गोल गोल घासा, तो बारीक कणांमुळे घासतो पण ओरखडे जवळपास पाडत नाही, आणि तेलकटपणाही थोडा सैल करतो. व्हिनेगरचं काम वेगळं, ते क्षार काढतं. किटलीच्या तळाशी जो पांढरा, खरखरीत थर बसतो तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यावर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घालून कोमट करा आणि झाकण उघडं ठेवून बघत राहा. आधी काही होत नाही, मग थराच्या कडेने अगदी बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागते, थोड्या वेळाने थराला भेगा पडतात आणि त्याचे तुकडे पत्र्यापासून सुटून पाण्यात तरंगायला लागतात, घासायची वेळच येत नाही. नळाच्या जाळीला, शॉवरला हेच, व्हिनेगरमधे भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवायचं. संगमरवरावर मात्र चुकूनही नको कारण संगमरवर म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट, त्याची चमक व्हिनेगर खाऊन टाकेल.

आणि तुंबलेल्या नाळीसाठीही हे मिश्रण नका ओतू, तसंच त्या कॉस्टिक किंवा ॲसिडवाल्या ड्रेन क्लीनरचीही सवय नको, ते पाण्यात गेल्यावर इतकं तापतं की उसळून तोंडावर येऊ शकतं. रबरी प्लंजर, एक लांब लवचिक तार, आणि सिंकखालचा वळणाचा पाइप हाताने उघडून खाली बादली ठेवून साफ करणं. किळस येते पण काम होतं. नाळीवर जाळी बसवली तर मुळात ही वेळ कमी येते.

प्रश्न : बाळ रांगायला लागलंय म्हणून रोज दोनदा जंतुनाशकाने फरशी पुसतो. पुरेसं आहे का? सासूबाई म्हणतात नुसत्या पाण्याने पुसा.

सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे. बाळाच्या दृष्टीने फरशीवरची खरी अडचण धूळ ही आहे. फर्निचरच्या फोममधली आग रोखणारी रसायनं, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स, जुन्या रंगातलं शिसं, हे सगळं झिजून धुळीत येतं, आणि रांगणाऱ्या बाळाचा हात फरशीवरून थेट तोंडात. शिशाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. ही धूळ जंतुनाशकाने मरत नाही कारण ती जिवंतच नाहीये, ती उचलावी लागते. ओलं फडकं, थोडा साबण, पाणी बदलत पुसणं, चपला-बूट दाराबाहेर, आणि खाण्याआधी बाळाचे हात धुणं. घराचा जुना रंग पोपडे धरत असेल तर कोरडा घासू नका, त्याने धूळ घरभर होते.

जंतुनाशक ठेवा ते उलटी-जुलाब, कच्चं मांस सांडलं, घरात कुणाला संसर्ग झालाय अशा वेळेला. तेव्हाही आधी साबणाने मळ काढायचा, मग जंतुनाशक लावून लेबलवर दिलेला वेळ ओलं राहू द्यायचं, बहुतेक लोक लगेच पुसून टाकतात आणि मग त्याचा उपयोगच होत नाही. हाताच्या साबणाचं तर २०१६ मधेच अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसकट १९ घटक घरगुती अँटिबॅक्टेरियल साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते जास्त चांगले आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. तुम्हाला फरशी दोनदा पुसायची हौस असेल तर पुसा, फक्त साबण-पाण्याने.

प्रश्न : कपाटात डांबरगोळ्या ठेवतो. आता घरात नवीन बाळ येणार, तिचे कपडे त्याच कपाटात ठेवले तर चालेल ना? धुऊनच घालणार आहोत.

चालणार नाही, आणि हे मी अगदी जीव तोडून सांगतेय. डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थॅलिन. ती कपाटात हळूहळू लहान होत जाते, एक दिवस नुसता कागद उरतो, ती गेली कुठे? वितळली नाही, सांडली नाही, ती थेट वायू होऊन कपड्यांच्या धाग्यांत आणि तुमच्या खोलीच्या हवेत गेली. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता काही बाळांमधे जन्मतःच असते आणि बऱ्याचदा ती कुणाला माहीतही नसते, अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या कपड्यांत गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. हे वैद्यकात फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही नॅप्थॅलिनला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकलंय, आणि युरोपीय संघात २००८ पासून या गोळ्यांवर बंदी आहे. काही गोळ्या नॅप्थॅलिनऐवजी पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात, त्या बाळाला चालतील असं अजिबात नाही.

गंमत म्हणजे बहुतेक कपड्यांना गोळ्यांची गरजच नसते. कपडे कुरतडते ती पतंगाची अळी, आणि तिला लागतं केराटिन किंवा तसलंच प्रथिन, म्हणजे लोकर, रेशीम, पिसं. स्वच्छ सुती आणि सिंथेटिक कपड्यांत तिला खायला काही नाही. लोकरीचा स्वेटर काढून बघा, भोकं बहुतेक काखेत, कॉलरपाशी, जिथे घाम किंवा अन्नाचा डाग राहिलाय तिथे असतात. म्हणून लोकर नीट धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, झटकून घट्ट बंद पिशवीत ठेवायची. शंका असेल तर पिशवी बंद करून फ्रीझरमधे उणे १८ अंशाला दोनेक आठवडे ठेवा, अळी आणि अंडी दोन्ही मरतात.

आत्ताच्या गोळ्या काढून झाकणाच्या बरणीत बंद करा आणि घातक कचऱ्यात द्या, कपाट उघडं ठेवून बरेच दिवस वारा लागू द्या, आतून ओल्या फडक्याने पुसा. बाळाचे कपडे दुसऱ्या खोलीत, ज्याला कधी गोळी लागलेली नाही अशा जागी. आणि ज्या पांघरुणांना वास येतोय ती तिच्यासाठी वापरूच नका.

प्रश्न : ताई मी हॉस्टेलवर राहते, खोली छोटी, डास खूप आणि कोंदट वास येतो. रात्री कॉइल आणि सकाळी रूम फ्रेशनर असं चालू आहे. डोकं जड होतं. पर्याय सांगा पण स्वस्तातला.

तुला स्वस्तातलाच सांगते, कारण यात विकत घ्यायचं फारसं काही नाहीये. २००३ मधे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एक कॉइल पूर्ण जळाल्यावर जितके अतिसूक्ष्म कण हवेत जातात तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून जातील, आणि तू त्या खोलीत दार लावून झोपतेस. डोकं जड होईल नाहीतर काय. मच्छरदाणी लाव. एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते, जळत नाही, वीज लागत नाही. खिडकीला जाळी बसवता आली तर उत्तम. आणि खोलीच्या आसपास साठलेलं पाणी शोध, कुंडीखालची ताटली, कूलरचा टब, गच्चीवरचं टोपण, अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ओतून घासून कोरडं केलं की तिथली पिढीच तयार होत नाही. हे मैत्रिणींना बरोबर घेऊन कर, एकटीच्या खोलीपुरतं केलं तर शेजारून येतातच.

फ्रेशनर वास घालवत नाही, त्यावर दुसरा वास चढवतो. लिंबासारख्या वासाचं जे लिमोनीन असतं ते हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइडसुद्धा तयार करतं. बाटलीवर नुसतं सुगंध लिहिलेलं असतं, त्या एका शब्दामागे डझनावारी रसायनं असू शकतात आणि ती सांगायची सक्ती बऱ्याच ठिकाणी नसते. कोंदट वास म्हणजे जवळपास नेहमी ओल असते. ओला टॉवेल खोलीबाहेर वाळव, गादी उभी करून मागे हात लावून बघ, भिंत गार आणि ओलसर लागली तर तिथे बुरशी असणार, पलंग भिंतीपासून वीतभर सरकव, सकाळी दार-खिडकी समोरासमोर उघडून वारा जाऊ दे. भिंतीत पाणी मुरत असेल तर वॉर्डनकडे लेखी तक्रार दे, ते तुझ्या फडक्याने सुटणारं नाही.

प्रश्न : गॅलरीत कंपोस्ट सुरू केलं पण घाण वास आणि अळ्या. शेजारी ओरडतात. बंद करू?

बंद नका करू, तुमच्या डब्यात सुकं कमी पडलंय बस. वास कसा येतो ते नीट घ्या, तो सगळं सांगतो. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, ओल जास्त झालीय. नाकात झोंबणारा, लघवीसारखा असेल तर तो अमोनिया, म्हणजे नायट्रोजनवाला ओला कचरा जास्त आणि कार्बनवाला सुका कमी. दोन्हीवर उपाय एकच, वाळलेला पाला, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा असं काहीतरी घालून वरखाली करायचं. ओल्याच्या साधारण दुप्पट आकारमानाचा सुका कचरा लागतो, लोक नेहमी उलटं करतात. मूठभर घेऊन पिळा, एखाद-दुसरा थेंब येतोय न येतोय इतपत ओल बरोबर, धार लागली तर सुकं घाला. रोज ओला कचरा टाकला की वरून सुक्याचा जाड थर, उघडं काही दिसू द्यायचं नाही, अर्धा वास आणि माशा तिथेच थांबतात. मांस, मासे, तेल सध्या नको.

अळ्या जाड, मातकट, सावकाश हलणाऱ्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या आहेत, त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. शेजाऱ्यांना हे पटणार नाही हे मला माहितीय, झाकण आणि सुक्याचा थर त्यांच्यासाठी.

एवढं करून मला सांगावंसं वाटतं ते कंपोस्टच्या आधीचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मधे जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरातून. शिळं झालेलं जेवण कंपोस्टमधे गेलं की आपल्याला बरं वाटतं पण ते पिकवायला, आणायला, शिजवायला जे गेलं ते गेलंच. फ्रीजमधला एक कप्पा आधी संपवायच्या गोष्टींसाठी ठेवा, डोळ्यासमोरचा. डब्यात जेवढं कमी पडेल तेवढं चांगलं.

प्रश्न : कापडी पिशव्यांचा ढीग झालाय, प्रत्येक कार्यक्रमात एक मिळते. हे पर्यावरणपूरकच ना?

ढीग असेल तर नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ मधे हिशेब केला, त्यांच्याकडच्या साध्या प्लास्टिक पिशवीशी तुलना करता सुती पिशवी फक्त हवामानाच्या बाजूने ५२ वेळा आणि पाणी, ओझोन वगैरे सगळ्या परिणामांच्या बाजूने हजारो वेळा वापरावी लागते. समुद्रात आणि रस्त्यावर पडणाऱ्या प्लास्टिकचा त्रास त्या हिशेबात नव्हता, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशव्या परत सुरू करा असं मी म्हणणार नाही. पण नवी पिशवी नम्रपणे नाकारा, आहेत त्या विरेपर्यंत वापरा, एक कायम बॅगेत.

प्रश्न : मी प्लास्टिक धुऊन, वाळवून, वेगळं करून देतो. मुलगा म्हणतो बाबा काही उपयोग नाही, सगळं एकाच ढिगात जातं. फार वाईट वाटतं.

वाईट वाटणारच, इतक्या मनापासून करताय तुम्ही. मुलाचं अर्धं खरं आहे ते मान्य करूया. १९५० ते २०१५ या काळात जगात ८.३ अब्ज टन प्लास्टिक बनलं आणि जेवढं टाकाऊ झालं त्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, ते रिसायकल होईलच असं सांगत नाही. १ म्हणजे पेट बाटल्या आणि २ म्हणजे जाड दुधी डबे, यांना बऱ्यापैकी मागणी असते. थरांची चकचकीत पाकिटं, थर्मोकोल, स्ट्रॉ यांना जवळपास नसते. तेव्हा तुमची मेहनत १ आणि २ वर लावा, नीट धुतलेलं आणि कोरडं दिलंत तर ते उचलणाऱ्या माणसाला त्याचे पैसे मिळतात आणि त्याचे हात घाणीत जात नाहीत, हा उपयोग तर कुणी नाकारू शकत नाही ना. आणि बाकीच्या प्रकारांचा निकाल दुकानातच लावायचा, घरी आणायचंच नाही. मुलाला यादीला बसवा, आठवडाभर डब्यात काय पडलं ते त्यालाच लिहू दे, कुठलं पाकीट सगळ्यात जास्त आहे ते दोघांनाही कळेल आणि मग त्या एकाच पाकिटाच्या मागे लागा.

जाळू मात्र कधी नका, थोडंसं असलं तरी. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ आणि डायॉक्सिन्स नावाची अतिशय विषारी रसायनं निघतात, ती तुमच्याच अंगणात उतरतात.

प्रश्न : एका ड्रॉवरमधे जुने सेल, बटण सेल, फुगलेली फोनची बॅटरी, उरलेली औषधं, एक फुटका सीएफएल दिवा असं सगळं साठलंय. टाकायला भीती वाटते म्हणून टाकलंच नाही.

कचऱ्यात टाकलं नाहीत हे बरोबरच केलंत पण एका ड्रॉवरमधे नको, आज वेगळं करा. फुगलेली बॅटरी सगळ्यात आधी बाहेर. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, धातूच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात वाळूवर ठेवून जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. बाकी सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, विशेषतः लिथियमच्या, टोकं एकमेकांना लागून आग लागते आणि कचऱ्याच्या गाड्यांना लागणाऱ्या आगीमागे हे एक मोठं कारण असतं. बटण सेल बंद बरणीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी वाट न बघता थेट हॉस्पिटल.

सीएफएलमधे काही मिलिग्रॅम पारा असतो. काचा अजून ड्रॉवरमधे असतील तर मुलांना आणि प्राण्यांना बाहेर काढा, खिडकी उघडून खोली दहा-पंधरा मिनिटं रिकामी ठेवा, मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, ओल्या कागदाने पुसा, सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच, त्याने पारा खोलीभर पसरतो.

औषधं संडासात किंवा सिंकमधे सोडू नका, सांडपाणी शुद्ध करताना ती सगळी निघत नाहीत. औषधाच्या दुकानात परत घेतात का आधी विचारा. घेत नसतील तर गोळ्या पाकिटातून काढून, न चुरडता, माती किंवा वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीत घालून कचऱ्यात, म्हणजे कुणी उचलून खाणार नाही. बाटलीवरचं तुमचं नाव खोडा. आणि उरलेली अँटिबायोटिक्स पुढच्या तापाला म्हणून ठेवू नका, तीही याच पिशवीत.